माप

तपकिरी कागदावर पाय ठेव म्हटलं
तर त्यानं आधी पाय धुतले,
दुकानाबाहेरच्या नळावर, घोटे चोळून,
कुणाच्या तरी देवघरात शिरायचं असल्यासारखे.
मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेन्सिल फिरवली.
अकरा नंबर. डावा उजव्यापेक्षा दोन सूत रुंद.
सुभाषनगरात असली पावलं येत नाहीत.

कोबिना एशुन. गाव सेकोंडी, देश घाना.
मंगळवारी जन्मला म्हणून कोबिना,
असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं
आणि पोरं हसून लोळली,
कारण तालीम मंगळवार पेठेची.
त्या दिवसापासून मंग्या.
पासपोर्टवर काय असेल ते असो,
स्टेडियमच्या मागच्या भिंतीवर, चुन्यानं, मंग्या.

आधीचं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं
मी बुटाचा तळ शिवत असताना :
समुद्राकाठची शाळा, सतराव्या वर्षी एजंट,
लिस्बनचं तिकीट, जे कधी निघालंच नाही.
मग कोलकाता, दुसरी डिव्हिजन, एका खोलीत सहाजण.
गोव्यात सात महिने बिनपगारी.
आणि एकतिसाव्या वर्षी कोल्हापूर :
महिना अठरा हजार, झोपायला तालमीची माडी,
जेवायला सरनोबत काकूंकडं.
काकूंनी पहिल्या दिवशी रश्श्यात पाणी ओतलं, बिचाऱ्याला झेपायचं नाही म्हणून.
तो म्हणाला, आमच्या आईचा याहून जाळ.

तो मधे खेळायचा.
मधे म्हणजे नेमकं कुठं
हे मला चपलेवरनं समजलं.
गिऱ्हाईक वेणी बघतं, गोंडा बघतं, करकर ऐकतं.
तळाच्या दोन कातड्यांतनं जी वादी जाते
तिच्याकडं कोण बघतंय?
चेंडू त्याच्याकडं यायचा तापून, भांडत,
आणि निघायचा शहाणा होऊन.
गोल अवधूत साळोखेचा,
खांद्यावर अवधूत साळोखे, गुलालात अवधूत साळोखे.
मंग्या मैदानाच्या मधोमध वाकून
नाडी बांधत असायचा.

पुढचं लिहायला नको वाटतं.
तिसरा हंगाम, सेमीफायनल.
गुडघा आधीच गेलेला, पट्टी गुंडाळून वर मोजा ओढलेला.
एक पास चुकला. आडवा, साधा,
शाळेतल्या पोराला जमावा असा.
त्याच्यावरनंच गोल बसला.
आणि आवाज निघाला. माकडाचा.
समोरच्यांचा नव्हे, आमच्याच स्टँडमधनं.
वळून बघतो तर माझा पुतण्या,
दोन्ही हात तोंडाशी धरून.
मी काही बोललो नाही.
मैदानात मंग्यानं हात वर केला, चूक माझी,
आणि पुन्हा चेंडू मागितला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला.
मायदेशी निघालोय, म्हणाला, एक जोड कर.
जुनं माप होतं माझ्या वहीत,
तरी मी पुतण्याला म्हटलं, नवीन घे.
पोरगं खाली बसलं.
त्यानं ती टाच तळहातावर घेतली,
सुजलेली, नखं काळी पडलेली,
आणि मान वर केलीच नाही.
पेन्सिल घोट्याखाली येऊन थांबली.
रस्त्यावरनं एक उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, तो गेला तरी थांबलेलीच.
मंग्या म्हणाला, 'हळू रं भावा. गुदगुल्या होत्यात.'

त्या कागदावर डाव्या टाचेपाशी
रेघ थोडी थरथरलेली आहे.
सरळ करता आली असती.
मी तशीच कापली.

आषाढात फोटो आला.
ओली वाळू, मागं होड्या,
आणि माझ्या हातचा जोड, पट्ट्यापर्यंत खारट पांढरा.
खाली आवाजात निरोप, तालमीच्या मराठीत :
'मामा, उजवी लोण्यावाणी.
डावी चावतीया.'

पुतण्याला ऐकवला.
त्यानं आरी खाली ठेवली, पुन्हा एकदा लाव म्हणाला.